दोन बाटल्या आभार

गाडीचं दार उघडलं तर पुढच्या सीटवर श्नॅप्सच्या दोन बाटल्या बसल्या होत्या. बसल्या होत्या असंच म्हणायला पाहिजे, कारण इद्रिसूने त्यांच्या खोक्याला सीटचा पट्टा लावला होता. मी विचारलं, हे काय? इद्रिसू माझा ड्रायव्हर. उत्तरेकडचा, पाच वेळा नमाज पढणारा, दारूच्या दुकानासमोर गाडीसुद्धा उभी करायची नाही म्हणणारा. तो म्हणाला, "मी हात लावलेला नाही मॅडम. दुकानदारानेच आणून ठेवल्या. नानांचा सकाळी फोन आला होता." नानांचा, माझ्या वडिलांचा, फोन कशाला? "म्हणाले, फ्रेमाच्या लक्षात राहायचं नाही. तिच्या आभाराच्या बाटल्या तू घेऊन ठेव, आणि माझ्या नावावर मांडायला सांग." मग आरशातून माझ्याकडे बघत, जरा चाचरतच, "दोन पुरतील ना मॅडम?"

पुरतील, म्हटलं, चल. गाडी अहोद्वोच्या चौकात आली आणि नेहमीसारखी अडकली. बाहेर केळ्याचे तळलेले काप विकणाऱ्या बायका, ओंडक्यांच्या ट्रकमागे लागलेली टॅक्सीवाल्यांची शिवीगाळ, सगळं रोजचं. आज नाना मला त्यांची लाकडाची मिल देणार होते हे मला ठाऊक होतं, आख्ख्या कुमासी शहराला ठाऊक होतं. त्यासाठी मी अंगावर नवं कापड नेसले होते, केसांना तेल लावलं होतं, बावन्नाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले होते. दारू मी वाटेत घेणारच होते. कुठल्या दुकानातून घ्यायची तेही ठरवलं होतं. आणि ती आधीच माझ्या गाडीत, पट्टा लावून.

आमच्यात देणाऱ्याने दिलं म्हणून वस्तू दिली जात नाही. घेणाऱ्याने साक्षीदारांसमोर दारू ठेवायची, आभार मानायचे. याला आसेदा म्हणतात. आसेदा झाला की दिलेलं पक्कं. मग देणाऱ्याच्या कुळाने आकाशपाताळ एक केलं तरी ते परत येत नाही. नाही झाला तर तोंडाने दिलेलं सगळं हवेत. मुलीच्या बाबतीत हे जास्तच, कारण मुलगी बापाच्या कुळातली नसतेच. रक्त आईचं, कुळ आईचं. बापाच्या मागे त्याचं सगळं जातं त्याच्या बहिणीच्या मुलाकडे. म्हणजे आज मी आभार मानले तर मिल माझी, आणि नाही मानले तर उद्या नानांचे डोळे मिटल्यावर ती माझ्या आतेभावाची, अदुसेईची. वकील आहेत, मृत्युपत्रं आहेत, पण नानांचा कागदावर विश्वास नाही. त्यांनी स्वतःच इतके कागद बदललेत की तो बसणार कसा. आभारावर मात्र त्यांचा विश्वास आहे. आख्खं साम्राज्य त्यांनी लोकांच्या आभारावर उभं केलंय.

मी लहान असताना ते मला ट्रकमधून अहाफोच्या रानात घेऊन जायचे. ओडुमची झाडं, चार माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारी. झाड पडायचं ते कुणाच्या तरी कोकोच्या बागेवर पडायचंच. नाना म्हणायचे, झाडाला कुठे डोळे असतात. एकदा एक शेतकरी कोयता घेऊन आला. त्याच्या बागेची अर्धी बाजू झोपली होती, तोंडाला फेस आला होता, आणि मी ट्रकच्या पायरीवर घट्ट डोळे मिटून उभी होते. नाना खाली उतरले, त्याला "भाऊ" म्हणाले, त्याच्या हातात एक नवाकोरा ट्रान्झिस्टर ठेवला. बटण फिरवून गाणं लावून दिलं. माणूस गोंधळला. कोयता कुठल्या हातात धरायचा आणि रेडिओ कुठल्या, ते त्याला कळेना. तेवढ्यात नानांच्या माणसाने ट्रकमधून बाटली काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. आभार मान की, मोठ्या माणसाने दिलंय. गावचे चारजण उभे होतेच. त्याने आभार मानले. झालं. पुढे त्याने पंचायतीत तक्रार केली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, याने साक्षीदारांसमोर आभार मानलेत. परत येताना मी विचारलं, त्याची दारू आपण का आणली? नाना खूश झाले. म्हणाले, "हुशार आहेस. दुसऱ्याच्या आभारासाठी थांबून राहायचं नसतं. ते आपणच घेऊन जायचे." मला ते तेव्हा फार मोठं वाटलं होतं. मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं होतं.

आणि आज मी ती ट्रकच्या पायरीवरची नाही. आज मी तो कोकोवाला. मला नुसता रेडिओ मिळायचा बाकी आहे, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. इद्रिसूने आरशात बघितलं. त्याला वाटलं मी आनंदात आहे. "मुबारक मॅडम," तो म्हणाला. मी मान हलवली.

ओंडक्यांचे ट्रक जसजसे जास्त दिसायला लागले तसतसा तो वास आला. ओल्या लाकडाचा, भुशाचा, गरम तेलाचा. हा वास माझ्या केसांतून कधी गेलाच नाही. माझा नवरा, जोवर होता तोवर, म्हणायचा की मी करवतीशी लग्न केलंय. डाव्या बाजूला आमची मिल आली. दारावर भली मोठी पाटी, 'बोआहेने अँड सन्स'. त्यातला एक सन हॅम्बुर्गला, दुसरा टाकोराडीला पेट्रोल पंपावर. दोघांनाही नानांनी काहीतरी दिलं, दोघांनी आभार मानले, दोघांचे हात बांधले गेले. बाकीच्या सावत्र भावंडांना गेस्ट हाऊस, सिमेंटची एजन्सी, आभार, आभार. राहिली मिल आणि राहिले मी. ओडुम संपला, रानं ओकीबोकी झाली, मोठ्या करवतींना कापायला काही उरेना, तेव्हा हलक्या लाकडाचा ओंडका गरागरा फिरवून त्याची पातळ साल काढायचं मशीन मी आणलं. प्लायवूड सुरू केलं. नाना म्हणाले होते, "कागद विकणार आता बोआहेनेची पोर?" वर्षभर ते त्या शेडमध्ये पाय ठेवत नव्हते. आज मिलचं जे काही पोट भरतं ते त्या कागदावर. कामगार मला पाठीमागे 'छोटी करवत' म्हणतात. मला ते आवडतं. मी त्यांना कधी तसं कळू दिलेलं नाही.

लोक म्हणतात नाना निर्दय आहेत. मला हा शब्द ऐकला की राग येतो, कारण तो पुरेसा नाही. नदीकाठच्या डेपोत दुसऱ्याच्या ओंडक्यावरची खूण तासून त्यांनी स्वतःची खूण ठोकली हे कुमासीत सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ते कौतुकाने सांगतात. ज्या माणसाच्या ट्रकवर ते पोरवयात क्लीनर होते, तोच म्हातारपणी आमच्या दाराशी चुलीसाठी भुसा मागायला यायचा. नाना त्याला भुसा देत. आभार मानल्यावर. अदुसेईला त्यांनीच लहानपणापासून सांभाळलं, वारस म्हणून सगळ्यांत बसवलं, आणि एका हिशेबावरून वाद झाला तेव्हा फाटकावर सगळ्या पाळीच्या देखत हाकलला. हातात एक घड्याळ ठेवून. अदुसेईने रडत रडत आभार मानले होते. आता तो सुआमेच्या गॅरेजांमध्ये जुन्या इंजिनांचे सुटे भाग विकतो. आणि आई. आईचं मी गाडीत आठवायचं नाही असं ठरवलं होतं. पण आसोक्वाचा चढ लागला, नानांचं घर दिसलं, आणि ते अंगण.

अंगणात छत घातलं होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडल्या होत्या. मी उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेत गेले. कुळाचे म्होरके ओपानिन बादू, नानांपेक्षा थोडेच लहान, डोळ्यांत मोतीबिंदू. नानांची बहीण, माझी बिरागो आत्या, तिने माझा हात धरूनच ठेवला. "आलीस का पोरी? किती नटलीस. लग्नात तरी एवढी नटली होतीस का?" आजूबाजूच्या बायका हसल्या. "लग्न मोडलं ना आत्या, म्हणून आता कसर भरून काढते," मी म्हटलं. ती खोखो हसली आणि मग हात न सोडताच हळू आवाजात म्हणाली, "हसतेय मी, पण पोटात जळतंय हो. तू माझ्या भावाची पोर आहेस, त्याचं रक्त नव्हेस." तिचं चूक नव्हतं. तिचा अदुसेई सगळ्यांत मागे, फाटकाजवळ उभा होता. नखांत काळं तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट. आईने ओढून आणला म्हणून आलेला. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, लहानपणी आम्ही आंबे चोरताना उडवायचा तशा. नाना मधल्या उंच खुर्चीवर बसले होते, खांद्यावरून कापड टाकून, एक खांदा उघडा. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो खांदा अजून ताठ. मला बघून ते हसले आणि पहिली नजर माझ्या हातांवर गेली. हात रिकामे होते. इद्रिसूने मागून येऊन, हात न लावता दोन कोपरांत धरून आणलेलं खोकं टेबलावर सरकवलं. तेव्हा नानांनी मान हलवली.

पाणी फिरलं, नमस्कार-चमत्कार झाले, आणि नाना बोलायला लागले. त्यांचं भाषण मला पाठ आहे. "मी या गावात रिकाम्या हाताने आलो. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. या दोन हातांनी पहिली करवत उभी केली." लोक हं हं करत होते. मी त्यांच्या पायाकडे बघत होते, कारण ह्याच अंगणात, त्याच पायांसमोर, मी आईला उभी राहिलेली बघितलं होतं. मी आठनऊ वर्षांची असेन. माझी आई, सेरवा, केजेतियाच्या बाजारात कापड विकायची. तिथली आपली जागा विकून तिने पहिली करवत घेतली. हे मला तिने कधी सांगितलं नाही, बाजारातल्या बायकांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली घेतला. नानांना दुसरं लग्न करायचं होतं. त्यांनी तिच्या खांद्यांवर पांढरी माती शिंपडली, म्हणजे आमच्या रीतीने लग्न संपलं. निरोप म्हणून शिवणयंत्र दिलं, आणि काहीतरी गाठोडं. आईच्या मामाने दारू ठेवली. आई खाली वाकली आणि म्हणाली, "आभारी आहे." तिचा आवाज अगदी साधा होता. दुकानात सुटे पैसे परत मिळाल्यावर म्हणतात तसा. त्या दिवशी ती करवत नानांची झाली. एका शब्दात झाली. पुढे चाळीसपंचेचाळीस वर्षं मी त्याच करवतीचा आवाज ऐकत मोठी झाले, त्याच मिलची कारभारीण झाले, आणि आई बान्तामाच्या दोन खोल्यांत शिवणयंत्र चालवत राहिली, आणि आम्ही दोघींनी त्यावर एक अक्षर कधी काढलं नाही. मला राग यायचा तो तिचाच यायचा. कशाला मानलेस? कशाला वाकलीस? मी तुझ्या जागी असते तर.

"...म्हणून आज, माझ्या कुळासमोर, मी माझी मिल माझ्या लेकीला देतो," नाना म्हणत होते. आत्याने जोरात नाक शिंकरलं. ओपानिन बादू काठीवर रेलून उठले. "फ्रेमा, बापाने तुझ्या पदरात काय टाकलं ते ऐकलंस?"

"ऐकलं ओपानिन."

"मग रीत आहे म्हणून विचारतो. ही दारू कोणाची?"

मी उठून उभी राहिले. उठताना काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं, हे अगदी खरं सांगते. मिल मला हवी होती. अजूनही हवी आहे. तिथल्या प्रत्येक पट्ट्याचा आवाज मला ओळखता येतो. 'माझी' हा एवढासा शब्द तोंडातून काढायचा होता, आणि तो निघेना.

"नानांची," मी म्हणाले.

बादू हसले. "नानांसाठी आणलेली, असं म्हणायचंय तिला. घाबरलीय."

"घाबरलेली नाही. नानांनी विकत घेतलेली. इद्रिसूला विचारा, दुकानदाराला विचारा. मी आज आभाराची दारू आणलेलीच नाही."

खुर्च्या करकरल्या. आत्याने गालावर हात ठेवला, "अगं बाई, हिला वेडबीड लागलं की काय!" नाना मात्र हसतच होते. त्यांना वाटलं, मी रुसलेय. "पोरकटपणा पुरे फ्रेमा. दारू ती दारू. मला पैसे देऊन टाक, म्हणजे झाली तुझी."

"नुसती दारू असती तर तुम्ही सकाळी उठून फोन कशाला केला असता नाना?"

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मला भीती वाटली. ह्या माणसाची मला अजूनही भीती वाटते, ह्याचा मला भयंकर राग आला, आणि त्या रागानेच पुढचं बोलून टाकलं. "मी दारू आणते. आत्ता आणते, माझ्या पैशांची, दोन काय दहा आणते. गुडघे टेकते. आभार मानते. त्याआधी तुम्ही ह्या माणसांसमोर एवढंच सांगा, पहिली करवत कोणाच्या पैशांची होती?"

आता कोणी हं हं केलं नाही. नाना सावकाश म्हणाले, "तुझ्या आईला मी काय द्यायचं ते देऊन पाठवलं. तिने आभार मानलेत. बादू, होतास ना तू?" बादूंनी मान डोलवली. "ते निरोपाचे," मी म्हणाले. "मी करवतीचं विचारतेय. नाव घ्या नाना. सेरवा. तीन अक्षरं आहेत. तुम्ही नाव घेतलंत की मी गुडघ्यावर." आणि मला खरंच वाटलं की ते घेतील. त्यांचा ओठ हलला. 'से' म्हणायला दात जसे जवळ येतात तसे ते आले. अंगणातली सगळी माणसं पुढे झुकली, मीसुद्धा. एवढा मोठा माणूस, आता सोडायला काय हरकत आहे, घेऊन टाक की नाव, मी तुझे पाय धरते, असं माझ्या मनात चाललं होतं. मग त्यांनी तोंड मिटलं. घशाखाली काहीतरी गेलं ते मला दिसलं. "मी रिकाम्या हाताने आलो," ते म्हणाले, आणि माझ्यावरून नजर काढून थेट फाटकाकडे बघितलं.

"अदुसेई, खिशात दारूपुरते पैसे आहेत का रे?"

अदुसेईने मागे वळून बघितलं, मागे कोणी आहे का म्हणून. "कोणाकडे? माझ्याकडे मामा?"

"दुसरा अदुसेई आहे का इथे? मिल तुला दिली. दारू घेऊन ये."

आत्याने कापडाच्या टोकाची गाठ सोडली. नोटा त्याच्या हातात कोंबल्या, पाठीत धपका घातला. "पळ! काय बघतोस?" तो पळाला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, रस्त्यावरून पळत गेला. आणि आम्ही सगळे बसून त्याची वाट बघायला लागलो. ते थांबणं मी कधी विसरणार नाही. कोणी खोकलं, कोणाचा फोन वाजला आणि त्याने तो मुका केला. नाना माझ्याकडे बघत होते आणि मी नानांकडे. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं की तो परत येईपर्यंत वेळ आहे. माझ्या डोळ्यांतही तेच लिहिलेलं असणार. माझं मशीन, माझी शेड, माझी सकाळची पाळी, सगळं त्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात उभं होतं आणि दुकानदार सुटे पैसे मोजत असणार. आत्या खुर्ची सरकवत माझ्याजवळ आली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "पोरी," ती पुटपुटली, "माझाच मुलगा आहे, पण सांगते. अजून वेळ आहे. तोंड उघड. त्याला मिल नाही झेपायची गं, त्याला मिक्सर दुरुस्त करता येत नाही." मी तिचा हात दाबला. मला तिच्याबद्दल एकदम फार माया वाटली. पण तोंड उघडलं नाही.

अदुसेई आला. धापा टाकत बाटली ठेवली, गुडघे टेकले. बादूंनी विचारलं, ही दारू कोणाची? तो म्हणाला, माझी, आणि त्याचा आवाज फाटला. "आभारी आहे मामा." बादूंनी झाकण काढलं, पूर्वजांसाठी जमिनीवर थेंब सांडले, पेला फिरला. झालं. नाना त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांचा खालचा जबडा असा खाली आला होता, कोणीतरी आतला खिळा काढून घेतल्यासारखा. शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना वाटत होतं की मी मोडेन. माणसं मोडतात हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. पेला माझ्याकडे आला तेव्हा मी तो पुढे दिला. मग पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि अदुसेईच्या हातात ठेवला. "पश्चिमेच्या शेडमधला भुसा रोज काढायला लाव. उन्हात पेटतो." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, "माझे आभार मानू नकोस." नाना पाठीमागून काहीतरी म्हणाले, माझं नाव असावं. मी थांबले नाही.

इद्रिसूने विचारलं, मिलवर? मी म्हटलं, बान्तामाला. सबंध वाटेत मला एक विचित्र हलकेपणा वाटत होता, आणि त्याच्याखाली धडधडीत भीती, आणि त्याच्याही खाली, कबूल करते, फुशारकी. आईला सांगायचं होतं. बघ, मी नाही वाकले. आई दारातच छोट्या स्टुलावर बसून जेवत होती. कंद कुटून केलेला फुफू आणि शेंगदाण्याचं कालवण. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. तिचा हात वाडग्यातच राहिला.

"मूर्ख," ती म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मूर्ख! मूर्ख कुठली! तुला काय वाटतं, मी आभार का मानले होते? जीभ हलत नव्हती म्हणून? तुझ्या बापाने विचारलं होतं, पोर बाजारात नेतेस की मिलमध्ये ठेवतेस? आभार मानलेस तर राहील. ती करवत मी तुझ्यासाठी मागे सोडून आले होते, फ्रेमा. तुझ्यासाठी! आणि तू ती त्या सुट्या भागवाल्याला देऊन आलीस?"

मी मट्कन जमिनीवर बसले. नवं कापड, केसांना तेल, आणि मी बान्तामाच्या दारात मातीत बसलेले. एवढी वर्षं मी त्या वाकण्याचा राग धरला होता आणि ते वाकणं म्हणजे मीच होते. रडावंसं वाटलं. रडणं आलं नाही. तिच्याशी भांडावंसं वाटलं, की मला कधी सांगितलं का नाहीस. आणि तिने म्हटलं असतं, तू तरी कधी विचारलंस का. शेजारची कोंबडी माझ्या पायाशी टोचत फिरत होती. आई रागाने फुफूचा गोळा मोडत राहिली, तोंडात घालेना. मग वर न बघताच तिने विचारलं, "नाव घेतलं त्याने?"

"नाही."

"घ्यायला आला होता?"

"तोंडापर्यंत आलं होतं. 'से' पर्यंत. गिळलं मग."

"आणि मग मिल देऊन टाकली."

"हो."

"ज्याला हाकलला होता त्याला?"

"त्यालाच. दारू आणायला पळवला."

आईने हात थांबवला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, रडते आहे, आणि मी पुढे सरकले. ती हसत होती. आधी आवाज नव्हता, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी, ऐंशी वर्षांची बाई पोट धरून हसत होती. "आख्खी मिल!" ती म्हणाली. "आख्खी मिल दिली, पण माझं नाव नाही दिलं! अगं फ्रेमा, एवढं महाग होतं होय माझं नाव? मला कोणी सांगितलंच नाही!" मग तिने वाडगा आमच्या दोघींच्या मधे सरकवला, हात धुवायचं पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "त्याचं तोंड कसं झालं होतं ते नीट सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस." मी हात धुतले. उद्या सकाळी उठून कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. पण आख्ख्या कुमासीत त्या घटकेला आमच्यापेक्षा श्रीमंत कोणी नव्हतं, आणि आम्ही दोघी एकाच वाडग्यातून जेवत होतो.